शनिवारची सही

आमच्या गावात टँकर म्हणजे पाण्याचा. फार तर धुळ्याच्या रस्त्याला दिसतो तो दुधाचा. २०१२ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोनवर मायला म्हणालो, आमचा टँकर इथं अडकवून ठेवलाय, दिवाळीला येण्याचं काही खरं नाही. ती दळण आणायला गेली तिथं तिने ते बोलून दाखवलं आणि रात्रीपर्यंत गावात तीन बातम्या फिरायला लागल्या. एक, मला आरटीओने धरलं. दोन, मी डिझेल विकताना सापडलो. तिसरी त्यातल्या त्यात बरी होती: टँकर उलटला पण पोरगा वाचला. सकाळी एकाने आप्पांना पाराच्या मागे नेऊन हळूच विचारलं, "सोडाडाले किती पैसा लागतीन?"

आप्पांकडे उत्तर नव्हतं, कारण मीच त्यांना धड काही सांगितलं नव्हतं. आमचा टँकर म्हणजे तेल वाहणारं जहाज. आता ते भंगारात गेलं, तेव्हाचे चीफ इंजिनिअर रिटायर होऊन गावी नारळ मोजत बसले असतील, म्हणून लिहितो.

गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या अंगाला. अमळनेरला तेलाची ओळख तशी जुनी. विप्रोची सुरुवात १९४५ साली इथल्याच वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, हे आमच्याकडे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण डिझेल-पेट्रोल म्हणाल तर आमचा संबंध ताप्ती लाइनवरून जाणाऱ्या मालगाडीचे गोल डबे मोजण्यापुरता. मी जळगावला मेकॅनिकल केलं, मग एक वर्षाचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स, त्याच्या फीसाठी कर्ज, मग मुंबईला क्लास फोरची परीक्षा, आणि एकदाचा फोर्थ इंजिनिअर झालो. जहाजावरच्या खलाशी बोलीत 'चारसाब'. चीफ इंजिनिअर तो 'बडेसाब'. आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा होता. मी खानदेशातला म्हटल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाला, "म्हणजे समुद्र तुम्ही शाळेच्या नकाशातच बघितलेला, चारसाब." खरंच होतं ते.

जहाज म्हणजे प्रॉडक्ट टँकर, डिझेल-पेट्रोलसारखा तयार माल वाहणारा, ४६ हजार टनांचा, १९९६ मध्ये बांधलेला. माणसाचं सोळावं वर्ष कौतुकाचं, टँकरचं नाही. आम्ही गुजरातेतल्या सिक्क्याला डिझेल भरून सुवेझमधून इटलीच्या एका बंदरात निघालो होतो. युरोपच्या नियमाप्रमाणे तेलाचा टँकर बारा वर्षांहून जुना झाला की त्याची तपासणी साधी होत नाही, सविस्तर होते, आणि आपण येतोय हे बंदराला ७२ तास आधी कळवावं लागतं. त्यात त्या साली सप्टेंबर ते नोव्हेंबर तपासणीची खास मोहीम होती. दरवर्षी एक विषय धरतात. २०१२ चा विषय होता आग विझवण्याची व्यवस्था. हे जहाजावर सगळ्यांना महिनाभर आधीपासून माहीत होतं. कंपनीची ईमेल आली होती, सोबत प्रश्नावली होती. प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नासमोर आम्ही 'हो' लिहून परत पाठवली.

गावाने आरटीओ म्हटलं ते फार चूक नव्हतं. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्यानेच ते तपासायचं हा मूळ कायदा. पण मालक एका देशात, झेंडा दुसऱ्याचा, खलाशी तिसरीकडचे, आणि झेंडेवाल्या देशाने ते जहाज जन्मात पाहिलेलं नसतं. १९७८ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर अमोको कॅडिझ नावाचा टँकर खडकावर चढला आणि सुमारे २ लाख २० हजार टन तेल समुद्रात गेलं. त्यानंतर युरोपातले देश जागे झाले. १९८२ मध्ये १४ देशांनी पॅरिसला करार केला की आपल्या बंदरात परकं जहाज आलं तर आपणच वर चढून बघायचं आणि सापडलेलं एकमेकांना कळवायचं. पॅरिस एमओयू म्हणतात तो हाच. पुढे असे करार जगभर झाले. आपल्या हिंद महासागराच्या कराराचं कार्यालय तर गोव्यात आहे. तपासायला येणारा तो पोर्ट स्टेट कंट्रोलचा इन्स्पेक्टर. आमच्या तोंडी नुसतं 'पीएससी'. "पीएससी आली" म्हटलं की जेवणाच्या टेबलावरचा माणूस घास ताटात ठेवून उठतो.

आता पंपाबद्दल सांगावं लागेल. गोष्ट पंपाचीच आहे.

इंजिनरूममध्ये आगीचे मोठे पंप असतात. पण आग इंजिनरूमलाच लागली तर ते मेले. म्हणून एक पंप इंजिनरूमच्या बाहेर, वेगळ्या इंजिनावर चालणारा ठेवायचा: इमर्जन्सी फायर पंप. आमच्याकडे तो अगदी नाकाकडे, पुढच्या स्टोअरच्या खाली, अरुंद शिडीने उतरावं लागेल अशा खोलीत होता. हँडल मारून चालू होणारं डिझेल इंजिन, त्याला जोडलेला पंप. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं. आमच्या विहिरीवर वीज यायच्या आधी आजोबांचं असंच ऑइल इंजिन होतं, आणि हँडल उलटं बसून काकांचं मनगट मोडलं होतं.

विहिरीवर पंप बसवलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं की पंप पाणी ढकलतो भरपूर, पण ओढतो थोडं. पाणी खाली गेलं की पंपाला वरून ओढणं जड जातं, आणि सक्शनच्या पाइपात कुठं सुईएवढी फट असेल तर पाण्याऐवजी हवा येते. 'पंपाने हवा धरली' म्हणतो आपण. मग जॉइंटला सायकलची ट्यूब गुंडाळा, वरून बादल्या ओता, शिव्या द्या.

जहाजाचंही तेच. भरलेलं असलं की नाक पाण्यात खोल बसतं. आमचं बारा मीटर. तेव्हा पंप पाण्याच्या पातळीखाली असतो, पाणी आपोआप चढतं, काही ओढावं लागत नाही. माल उतरवला की नाक वर येतं, पुढचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्यात बुडालेली खोली, साडेचार मीटरवर, आणि पंप पाण्याच्या वर उघडा. तेव्हा त्याच्यासोबतचा छोटा व्हॅक्यूम पंप आधी हवा काढतो आणि मग मोठा पाणी धरतो. नियम साफ सांगतो की जहाज भरलेलं असो, रिकामं असो, कललेलं असो, या पंपाने पाणी उचललंच पाहिजे. आमचा भरलेल्या जहाजावर सात बार प्रेशर द्यायचा आणि रिकाम्यावर खोकायचा.

दर शनिवारी त्याची टेस्ट माझी. ड्रिलच्या आधी पुढे जायचं, इंजिन लावायचं, प्रेशर बघायचं, चेकलिस्टवर लिहायचं, सही करायची. मोंबासाला माल उतरवून आम्ही रिकामे सिक्क्याला आलो आणि बाहेर नांगरावर थांबलो. त्या काळात तीन शनिवार आले: १५, २२ आणि २९ सप्टेंबर. पहिल्या शनिवारी पंपाने वीस मिनिटांनी कसंबसं पाणी धरलं. दुसऱ्या शनिवारी धरलंच नाही. मी बडेसाबना सांगितलं. ते म्हणाले, व्हॅक्यूम पंपाचे पार्ट जूनमध्येच मागवलेत, ऑफिस म्हणतं ड्रायडॉकला, म्हणजे जहाज दुरुस्तीला गोदीत जाईल तेव्हा, बघू. "तू लिही, सॅटिसफॅक्टरी. लोडेडला चालतोच ना?" मी लिहिलं. तिसऱ्या शनिवारी मी पुढे गेलोच नाही. पाऊस होता, कंट्रोलरूममध्ये बसून लिहिलं. सात बारसुद्धा लिहिलं.

बडेसाबवर ढकलून मोकळं होता येतं. पुढे कंपनीच्या चौकशीत मी तेच केलं. पण तिसऱ्या शनिवारी मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

२३ ऑक्टोबरला सकाळी धक्क्याला लागलो. त्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी नांगर, विळे, मोटर, ट्रॅक्टर, सगळं धुऊन कुंकू लावतात. जहाजावर आम्ही अकरा-बारा जण भारतीय, त्यातले निम्मे पूजेला हौशी. टँकरवर दिवा-उदबत्तीचा प्रश्नच नाही, काडी पेटवायला ठरलेली खोली असते तिथेही माल उतरवताना कुलूप. म्हणून मेसरूममध्ये बॅटरीचा दिवा, भंडाऱ्याने, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्याने, केलेला शिरा, आणि कुंकवाची डबी घेऊन मी आणि ऑइलर इंजिनरूमभर फिरलो. मेन इंजिन, जनरेटर, बॉयलर, माझे प्युरिफायर. शेवटी पुढे जाऊन त्या पंपालाही लावलं. सारंग शिडीवरून बघत होता. म्हणाला, "याला दोन बोटं लावा, चारसाब. याला जास्त गरज आहे."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी नऊ वाजता गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीवर, दोन इन्स्पेक्टर उभे. एक पन्नाशीचा, बारीक, स्वतःचा बॉयलर सूट आणि हातमोजे पिशवीत घेऊन आलेला. दुसरी तरुण बाई, वहीवाली. हातमोजे बघितल्यावर सेकंड इंजिनिअर माझ्या कानात म्हणाला, "हा फक्त कागद बघणारा नाही."

आधी दोन तास कॅप्टनच्या केबिनमध्ये कागद. सर्टिफिकेटांची चळत, आमची सगळ्यांची लायसन्सं, झोपेच्या तासांचे तक्ते, ऑइल रेकॉर्ड बुक. मग ब्रिज, मग डेक, मग आम्ही. इंजिनरूममध्ये त्याने पहिल्यांदा पाणी-तेल वेगळं करणारा सेपरेटर धरला. बिल्जचं, म्हणजे इंजिनरूमच्या तळाला साचलेलं, पाणी समुद्रात सोडायचं तर त्यात तेल दहा लाखात पंधरा भागांपेक्षा जास्त चालत नाही. जास्त झालं की अलार्म वाजून वाल्व आपोआप फिरतो आणि पाणी परत टाकीत येतं. काही जहाजांवर याला चकवून सरळ समुद्रात सोडणारा चोरपाइप लावतात, त्यासाठी लोक तुरुंगात गेलेत. म्हणून तो पाइपांवर टॉर्च मारत, फ्लँजच्या बोल्टवरचा रंग उडालाय का बघत गेला. नंतर मला म्हणाला, अलार्म वाजवून दाखव. वाजला. वाल्व फिरला. मशीन माझं होतं, मी ते पोरासारखं ठेवलं होतं. इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांत चालू होऊन लोड घ्यायला हवा. आमचा वीसच्या आत आला. त्याने मान हलवली. मला वाटलं, निभावलं.

चिमणीजवळच्या हवेच्या तोंडाला आग लागल्यावर बंद करायचं झाकण असतं, फायर डँपर. त्याचा दांडा त्याने ओढला. गंजून बसलेला, हलला नाही. सारंगने हातोडा आणला. इन्स्पेक्टर म्हणाला, हातोडा नको, आगीच्या वेळी हातोडा शोधणार का? बाईने लिहून घेतलं.

दुपारी दोन वाजता फायर ड्रिल. मोठे पंप बंद करा, इंजिनरूमकडची लाइन तोडा, इमर्जन्सी पंप लावा, एक पाइप पुढे, एक मागे. तोवर माल बराचसा उतरला होता. नाक वर आलेलं. शिडी उतरतानाच मला जाणवत होतं की आज ही खोली उंचावर आहे. तो माझ्या मागून उतरला. हँडल मारलं, इंजिन पहिल्या फटक्याला लागलं. व्हॅक्यूम पंप घरघरला. प्रेशरचा काटा एकवर थरथरला आणि शून्यावर बसला. डेकवर सारंगने धरलेल्या नोझलमधून फस्स करून हवा आली, थोडं लाल पाणी, पुन्हा हवा. म्हातारा माणूस पहाटे खोकतो तसा तो पाइप खोकत होता. तीनदा लावला. तिसऱ्यांदा बंद केल्यावर त्या छोट्या खोलीत एकदम शांत झालं. त्याने टॉर्च पंपावर मारला. कुंकवाचे दोन ठिपके. त्याने विचारलं, हे काय? गळतीची खूण?

मी सांगितलं, आमच्याकडे काल अवजारांची पूजा असते.

तो हसला नाही. "म्हणजे काल तू इथे होतास," म्हणाला.

वर गेल्यावर त्याने शनिवारच्या चेकलिस्टची फाइल मागितली, आणि त्यासोबत डेकचं लॉगबुक. हे मला सुचलंच नव्हतं. लॉगबुकात रोजचा पुढचा-मागचा ड्राफ्ट असतो. त्याने १५ सप्टेंबर काढला, पुढचा ड्राफ्ट बघितला, चेकलिस्ट बघितली. मग २२. मग २९. प्रत्येक तारखेला बोट ठेवून फाइल माझ्याकडे वळवली. २९ ला सात बार. माझी सही, खाली छान रेघ ओढलेली. तो विचारेल म्हणून मी वाक्य जुळवत होतो, पण त्याने विचारलंच नाही. फोटो काढले आणि फाइल बंद केली.

अकरा त्रुटी निघाल्या. प्रत्येकीपुढे कोड असतो. १० म्हणजे तिथल्या तिथे दुरुस्त केली, १६ म्हणजे चौदा दिवसांत करा, १७ म्हणजे निघण्याआधी करा. आणि ३० म्हणजे जहाज हलणार नाही. आम्हाला तीन ठिकाणी ३० होता: पंप, डँपर, आणि तिसरा सेफ्टी मॅनेजमेंटचा. तो तिसरा म्हणजे यांचा कागद एक बोलतो आणि यंत्र दुसरं, तेव्हा यांच्या बाकीच्या कागदांवरही विश्वास नाही. पंप दोन दिवसांत दुरुस्त होतो. हे तिसरं कंपनीला पुढे वर्षभर नडलं. डिटेन्शन झालेल्या, म्हणजे अशा अडकवलेल्या, जहाजांची नावं जाहीर होतात, कुणीही इंटरनेटवर बघू शकतो, आणि मोठ्या तेल कंपन्या भाड्याने जहाज घेताना सगळ्यात आधी तेच बघतात. झेंडा ज्या देशाचा त्याचाही हिशेब असतो, तेव्हा पांढरी, करडी आणि काळी यादी असायची. करड्या किंवा काळ्या झेंड्याचं जहाज काही वर्षांत वारंवार अडकलं तर युरोपच्या बंदरांत त्याला प्रवेशच बंद व्हायचा.

कॅप्टनने नोटिशीवर सही केली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. माझं साइन-ऑफ, म्हणजे जहाज सोडून घरी जाणं, दुसऱ्याच दिवशी होतं, तिकीट आलेलं, बॅग भरलेली. बडेसाब बाहेर आले आणि न थांबता म्हणाले, "तुझा रिलीव्हर पुढच्या बंदरात येईल. पंप चालल्याशिवाय तू कुठे जात नाहीस." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. घाबरलेला होता.

माल रात्री संपला. टर्मिनलला जागा रिकामी हवी होती, म्हणून परवानगी काढून टगने आम्हाला बंदरातल्याच दुसऱ्या धक्क्याला नेलं. तिथून मी कार्ड विकत घेऊन घरी फोन केला, तोच तो फोन.

व्हॅक्यूम पंपाच्या झिजलेल्या पात्या बदलायला पार्ट विमानाने दोन दिवसांत आले. जूनपासून न आलेले. पात्या बसवल्या, सील बदललं, लावला, तरी काटा दीडवर लटपटतोय. म्हणजे हवा कुठूनतरी येतेच आहे. गावी असतो तर उदबत्ती लावून सक्शनच्या पाइपाजवळून फिरवली असती. धूर जिथं आत ओढला जातो तिथं फट. इथं उदबत्ती म्हणजे नोकरीच नाही, जीवही. सेकंडने सांगितलं, दाढीचा फोम आण. मी माझा आणला, तो संपला, मग थर्डचा, मग भंडाऱ्याचा. अख्खा पाइप पांढरा केला. पंप चालू करून दोघं टॉर्च लावून पालथे पडलो. कुठं काही नाही. मग खालच्या वाकणाला, भिंतीकडच्या बाजूला, जिथं हात पोचत नाही आणि म्हणून सोळा वर्षं कुणी रंग खरवडलाच नव्हता, नुसता थरावर थर चढवला होता, तिथं फोमला एक खळी पडली. बाळाच्या गालाला पडते तेवढी. बघता बघता आत गेली. खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पाइप जुन्या पत्र्याच्या डब्यासारखा जाळीदार.

मी विचारलं, वेल्डिंग मारू या का? सेकंडने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. टाक्यांमध्ये डिझेलची वाफ, नुसता निष्क्रिय वायू भरून ऑक्सिजन आठ टक्क्यांच्या खाली दाबून धरलेला. तिथं ठिणगी कोण उडवणार? पाइप फ्लँजपासून सोडवायचा, बाहेर वर्कशॉपला पाठवायचा, नवा करून आणायचा. त्यात शनिवार-रविवार मध्ये आला. इटलीत रविवारी वर्कशॉप उघडायला लावणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी गड्याला वखराला बोलावणं. कंपनीने किती मोजले ते मला कळलं नाही, पण ऑफिसातून आलेले सुपरिंटेंडंट दर तासाला फोनवर 'ऑफ-हायर' हा शब्द उच्चारत होते. म्हणजे जहाज उभं आहे तोवर भाडं बंद. पुन्हा तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरचा खर्चही मालकाच्याच अंगावर.

त्या शनिवारी, २७ ऑक्टोबरला, चेकलिस्ट माझ्यापुढे आली. पंपाला पाइपच नव्हता. मी लिहिलं: चालत नाही. बडेसाबनी बघितलं, काही बोलले नाहीत, खाली सही केली. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले.

सोमवारी सकाळी नवा पाइप बसला. क्लासच्या, म्हणजे जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेअरने बघितला. दुपारी तेच दोघं इन्स्पेक्टर. या खेपेला त्याने आधी ड्राफ्ट वाचायला सांगितलं, मुद्दाम, मग पंप. काटा एक, दोन, जरा थांबला, माझ्या पोटात गोळा, मग सरळ साडेसहा. वर सारंगच्या हातातलं नोझल उसळलं आणि धार धक्क्यावरच्या क्रेनच्या पायावर गेली. सारंगने ती मुद्दाम जरा जास्तच लांब मारली असावी. इन्स्पेक्टरने घड्याळ लावून पंधरा मिनिटं पंप चालू ठेवला. डँपर हाताने ओढला, सरकला. संध्याकाळी सुटकेचा कागद मिळाला. गँगवेवर उतरताना त्याने मला विचारलं, तुझी पूजा पुन्हा कधी? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. या खेपेला हसला.

कंपनीने चौकशी केली. बडेसाबना पुढच्या बंदरात उतरवलं, मला ताकीदपत्र मिळालं. पार्ट चार महिने कुणी अडवले हे चौकशीत आलंच नाही, आणि ते मला आजही खुपतं. तेव्हापासून नव्या कंपनीत गेलं की फॉर्मवर प्रश्न असतोच: तुम्ही असताना जहाजाचं डिटेन्शन झालं होतं का? मी हो लिहितो. त्यावरून एका ठिकाणी नोकरी गेली, एका ठिकाणी इंटरव्ह्यू घेणाऱ्याने फोमचा किस्सा दोनदा सांगायला लावला.

घरी पोचलो तेव्हा भाऊबीज होऊन गेली होती. मुंबईहून रात्रीच्या गाडीने जळगाव, तिथून एसटी. त्या साली पावसाने दगा दिला होता. कापूस गुडघ्याएवढाच, विहिरीतलं पाणी कधी नव्हे ते दिवाळीतच तळाकडे. आप्पांनी मोटर विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवली होती. रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं, झेंडा, बंदर, कोड, पॅरिसचा करार. मायने मध्येच विचारलं, तिथं खायला काय मिळतं. आप्पा ऐकत होते. शेवभाजी संपली तरी बोटं ताटातच.

"पंप हवा धरस हाई तुले मालूम व्हतं ना?" ते म्हणाले.

"व्हतं."

"मग लिखं काय?"

मी सांगितलं काय लिहिलं ते. सात बारही सांगितला. ते काहीतरी बोलणार असं वाटलं, तेवढ्यात लाइट आली. त्या आठवड्याला रात्रीची पाळी होती, कधी जाईल याचा भरवसा नव्हता. आप्पा हात धुऊन चपला घालून निघाले. मी टॉर्च घेऊन मागे.

मोटर लावली तर पाइप नुसता फुरफुरला. आप्पा म्हणाले, टॉर्च जॉइंटवर धर. मग ते टप्प्यावर उतरले, मी वरून दोरीने बादली सोडत राहिलो. तिसऱ्या बादलीला पाणी धरलं.